दोन पावलं मागे, जरा बाजूला

टपालरावांजवळ मिरवण्यासारखी गोष्ट एकच होती आणि ती ते भेटेल त्याला सांगत. सदतीस वर्षं पत्रं वाटली, पण 'पत्ता सापडत नाही' असा शेरा मारून एकही पत्र परत पाठवलं नाही. ऐकणारा पहिल्यांदा कौतुकानं ऐके, दुसऱ्यांदा मान हलवे, तिसऱ्यांदा त्याला एकदम काहीतरी महत्त्वाचं काम आठवे. बायकोनं तर हे इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांनी "सदतीस" म्हटलं की ती "वर्षं" म्हणून उठे आणि स्वयंपाकघरात जाई. त्यांना आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते आता पेन्शनच्या कागदापुरतं उरलं होतं. सगळा वॉर्ड त्यांना टपालराव म्हणे आणि त्यांनाही ते आवडे.

बढाई होती, पण खोटी नव्हती. त्यांच्या रोजच्या फेरीत बंद पडलेला काचेचा कारखाना होता, आणि कारखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून एकेचाळीस घरं होती. त्याला मागची ओळ म्हणत. कारखाना चालू होता तेव्हा कामगारांनी तिथं आधी पत्रे उभे केले, मग विटा आल्या, मग लग्नं झाली, मुलं झाली. कारखाना बंद पडला तरी माणसं राहिलीच, जाणार कुठं? पालिकेच्या नकाशात मात्र त्या जागी अजून गवत होतं. गवताला घर नंबर देत नाहीत. त्यामुळे तिथल्या पत्रांवर वर नाव आणि खाली 'काचकारखान्यामागे' एवढंच असायचं. दुसरा कुणी असता तर शेरा मारून मोकळा झाला असता. टपालरावांनी एकेक दार पाठ केलं. जिन्याखालचं दार. ज्याचा कुत्रा भुंकत नाही, नुसता बघतो, ते दार. दोन अबोला धरलेल्या भावांचं एकच दार. आणि निळं दार.

निळ्या दारामागे शिवणताई राहायची. नवरा कारखान्यातल्या भट्टीवर होता. त्याची आधी छाती गेली, मग तो गेला. तिनं शिलाई मशीनवर लेकीला वाढवलं. शाळेचे गणवेश, दवाखान्याच्या चादरी, कुणाच्या पँटची चेन, काहीही नाही म्हणायची नाही. लेक दुसऱ्या शहरात नर्सिंग शिकत होती. टपालराव निवृत्त झाले त्या वर्षी त्या लेकीच्या शिष्यवृत्तीचं पत्र आलं, ते नव्या माणसाला दार न सापडल्यामुळे परत गेलं, आणि पोरीचं एक वर्ष वाया गेलं. शिवणताईनं कुणाला बोल लावला नाही. टपालरावांना मात्र ते पत्र आपल्याच हातून परत गेल्यासारखं लागलं. घर नंबर नसणं म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी नीट कळलं.

निवृत्तीनंतर माणूस आराम करतो असं म्हणतात. टपालराव सकाळी साडेनऊला चपला घालत आणि मग कुठं जायचं ते आठवत बसत. मग ते आपल्याच इमारतीच्या पत्रपेट्या पुसत, त्यांचे गंजलेले कोयंडे तेल घालून सरळ करत. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," बायको म्हणायची. तिला त्यांचं दुःख दिसत नव्हतं असं नाही. पण दुःखाला तेलाचा डबा कशाला, असं तिचं म्हणणं.

अशा वेळी वकील आला.

वकील म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या वारलेल्या मास्तरांचा धाकटा. कायद्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं त्याचं पत्र टपालरावांनीच आणलं होतं, तेही सुट्टीच्या दिवशी, कारण दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. आता तो चाळिशीला आला होता, केस थोडे मागे सरले होते, आवाज गोड होता, आणि त्यानं नगरसेवकपदाचा अर्ज भरला होता. तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला, चहा स्वतः गाळून घेतला आणि म्हणाला की मला भाषणं येतात, पण दारं उघडून घेता येत नाहीत. परवा तीन गल्ल्या फिरलो, तर अर्ध्या लोकांनी आतूनच "काही नको" म्हणून सांगितलं.

"काका, तुम्ही काही बोलू नका. नुसते माझ्याबरोबर चला," तो म्हणाला. "या वॉर्डात दार तुमच्यासाठी उघडतं."

खरं सांगायचं तर याहून गोड वाक्य टपालरावांना निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत कुणी ऐकवलं नव्हतं. वकील गेल्यावर बायको म्हणाली, "चढवलं हरभऱ्याच्या झाडावर." पण टपालराव कपाटातून जुने बूट काढून पॉलिश करत होते. त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं तरी ते बुटांकडेच बघत राहिले.

मग पाच आठवडे ते फिरले. सकाळी दोन तास, संध्याकाळी तीन. टपालरावांनी वकिलाला पहिल्याच दिवशी दाराची रीत शिकवली, कारण हा भला माणूस बेल वाजवून दाराला नाक लावून उभा राहत असे. बेल वाजवायची आणि लगेच दोन पावलं मागे यायचं, जरा बाजूला. म्हणजे फटीतून बघणाऱ्याला आपण अख्खे दिसतो आणि आपल्याला त्याचं घर दिसत नाही. दार उघडलं तरी नजर हातातल्या कागदावर ठेवायची. आत काय वाळत घातलंय, कोण झोपलंय, कोण रडून बसलंय, हे आपलं काम नाही. सदतीस वर्षं ही रीत त्यांनी पाळली होती आणि म्हणून लोक त्यांना बनियनवर, ओल्या केसांनी, अगदी भांडणाच्या मधोमधसुद्धा दार उघडत.

वकील हुशार होता, चटकन शिकला. निवृत्त हेडक्लार्कनं गल्लीतल्या एका दिव्याच्या अकरा वर्षांच्या तक्रारींची फाइल काढून समोर ठेवली, तर वकिलानं ती उभ्यानं पहिल्या पानापासून वाचली. हेडक्लार्क इतका हरखला की त्यानं दुसरी फाइल आणली. एका बाईनं बंद दाराआडूनच पाणी, गटार, शाळा आणि नवरा अशा चार तक्रारी सांगितल्या. वकिलानं पहिल्या तीन लिहून घेतल्या आणि चौथीला "वहिनी, ती पालिकेच्या हातात नाही" म्हणाला, तेव्हा ती हसत दार उघडून बाहेर आली. व्यायामशाळेच्या मालकानं बाकीच्या उमेदवारांची यथेच्छ टर उडवली आणि शेवटी टपालरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की तुम्ही आहात ना, मग झालं. असं जवळजवळ प्रत्येक दारात कुणी ना कुणी म्हणे. लोक बघत वकिलाकडे आणि बोलत टपालरावांशी.

मागच्या ओळीत मात्र पहिल्या दिवशी दारं उघडली तरी चेहरे उघडले नाहीत. तिथल्या लोकांनी पाच निवडणुका बघितल्या होत्या. प्रत्येक वेळी कुणीतरी येऊन घर नंबर देतो म्हणाला होता आणि निवडून आल्यावर त्यांच्या तोंडाला पानं पुसून गेला होता. शिवणताई टेपमाप गळ्यात घालून उंबरठ्यावर उभी राहिली. वकील जीव ओतून बोलला. प्रत्येक दाराला नंबर, नंबराला पत्ता, पत्त्यावर दवाखान्याचं कार्ड, बँकेचं खातं, मुलांचे दाखले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि त्याला एक शब्दही न विचारता टपालरावांकडे वळली.

"हा देईल का नंबर?"

"देईल," टपालराव म्हणाले. "माझा शब्द."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "तुमच्या शब्दावर आम्ही अख्खी ओळ येऊ."

वकिलानं तिथंच मान खाली घातली. टपालरावांना वाटलं, भारावला. आजही ते म्हणतात की तेव्हा तो खरंच भारावला असेल. माणसावर विश्वास टाकायची सवय अशी सहज सुटत नाही.

त्यानंतर चार दिवसांनी वकिलानं यादीचं काम सांगितलं. नंबर मागायचे तर पालिकेला दाखवायला काहीतरी हवं ना, तो म्हणाला. गवत नाही, घरं आहेत, हे सिद्ध करायचं. कुठलं दार कुठं, आत कोण, किती माणसं, कधीपासून. हे सगळं एकट्या तुमच्या डोक्यात आहे, काका, ते कागदावर उतरवा. टपालरावांना हे पटलं. कुणालाही पटलं असतं.

ते तीन दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले. शिसपेन्सिल, पट्टी, मोठे आखीव कागद. त्यांनी दारं फेरीच्या क्रमानं लिहिली, जशी पत्रं लावायचे तशी. आणि एकदा लिहायला बसल्यावर त्यांना थांबता येईना. ज्यानं आयुष्यभर आत बघितलं नाही म्हणून सांगितलं, त्याला आतलं किती माहीत होतं! बघायचं नाही म्हटलं तरी कान असतात, नाक असतं, आणि सदतीस वर्षं पत्रं देताना माणसं स्वतःच उंबरठ्यावर मन मोकळं करतात. जिन्याखाली आजोबा एकटे, मुलगा महिन्यातून एकदा येतो. दोन भावांनी मधे भिंत घातली ती आईच्या मरणानंतर. निळं दार: शिवणकाम, माणसं दोन, पैकी लेक बाहेरगावी, मागची खोली चार वर्षांपूर्वी लेकीच्या अभ्यासासाठी वाढवलेली. प्रत्येक दाराचं सगळं नीट, बारीक, सुवाच्य अक्षरात. एकही दार सुटू नये म्हणून त्यांनी दोनदा ओळीत फेरी मारली. सुटलं तर त्या घराला नंबर मिळायचा नाही, ही धास्ती.

बायकोनं चष्मा लावून दोन पानं वाचली.

"अहो, हे सगळं तुमच्या डोक्यात होतं तोवर ठीक होतं," ती म्हणाली. "इतकं सगळं एका कागदावर कशाला?"

टपालराव चिडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या कामाची किंमत केली होती आणि घरातच हे. तू प्रत्येकात खोट काढतेस, असं ते बोलून गेले. त्यांनी कागदांना टाचणी लावली.

वकील त्रेसष्ट मतांनी निवडून आला. मागच्या ओळीची मतंच दीडशेच्या वर होती, त्यामुळे तो कुणाच्या जिवावर आला याचा हिशेब लहान पोरालाही जमला असता. मतमोजणीच्या हॉलबाहेर त्यानं टपालरावांना मिठी मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाला की खरे नगरसेवक हे. टपालरावांचा चष्मा त्या गर्दीत कुठंतरी पडला आणि तुटला. घरी येताना त्यांना रस्ता धूसर दिसत होता, पण त्याचं काही वाटलं नाही.

मग दोन महिने वकिलानं ताकास तूर लागू दिली नाही. फोन केला तर मीटिंगमध्ये, घरी गेलं तर दौऱ्यावर. टपालराव लोकांना समजावत की नवीन आहे, बसू द्या नीट खुर्चीत. आणि तिसऱ्या महिन्यात खरंच एका सकाळी पालिकेची दोन माणसं लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन मागच्या ओळीत आली.

त्या सकाळी काय आनंद झाला म्हणून सांगू! शिवणताईनं रंग नीट बसावा म्हणून आपलं दार आधी ओल्या फडक्यानं पुसलं, मग कोरड्यानं पुसलं. आजोबांनी जिन्याखालून खुर्ची बाहेर आणली आणि आपला नंबर काढताना बघत बसले. बोलत नसलेल्या दोन भावांनी एकमेकांशी बोलून ठरवलं की नंबर दाराच्या नेमका मधोमध काढू द्यायचा. कुणीतरी टपालरावांना बोलावून आणलं. दर दारात त्यांना चहा झाला, सहावा कप त्यांनी हात जोडून नाकारला. शिवणताईनं आपल्या नंबराचा फोटो काढून लेकीला पाठवला आणि म्हणाली, "टपालराव, तुम्ही म्हणालात ते झालं."

ते हसत हसत ओळीच्या टोकापर्यंत गेले. तिथं कारखान्याची जुनी आडवी भिंत होती, फुटलेल्या काचांचा ढीग अडवणारी. तिला दार नव्हतं, खिडकी नव्हती, पलीकडे कुणी राहत नव्हतं. आणि तिच्यावर लाल रंगात आकडा होता, चव्वेचाळीस.

टपालराव तिथंच उभे राहिले. मग ते उलटे फिरले आणि त्यांनी पुन्हा एकेक आकडा बघितला. बंद पडलेल्या संडासाला एकोणतीस. शिवणताईच्या दारावर सोळा आणि तिच्या मागच्या खोलीच्या भिंतीवर वेगळा सतरा. ज्या माणसानं आयुष्यभर घर नंबर वाचले त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पत्र येतं ते दाराला. दार नसलेल्या भिंतीला पत्र येत नाही, मग तिला नंबर कशासाठी? हे आकडे राहणाऱ्यांसाठी नव्हते. ते मोजून पाडणाऱ्यांसाठी होते.  ओळीत लोक अजून हसत होते, आणि ते कुणाला काही न सांगता घराकडे वळले.

दुसऱ्या दिवशी ते वकिलाच्या ऑफिसात गेले. दारावर बसवलेल्या नव्या माणसानं नाव, पत्ता आणि कामाचं स्वरूप विचारलं आणि बाकावर बसवलं. 'खरे नगरसेवक' तिथं दोन तास बसले. समोर रंगीत नकाशा होता. मुख्य रस्त्यापासून नव्या रुग्णालयापर्यंत एक जाड पिवळी रेघ गेली होती. चष्मा नवा होता, सगळं स्पष्ट दिसत होतं. रेघ काचेच्या कारखान्यामागून जात होती.

वकिलानं त्यांना आत घेतलं, उठून उभा राहिला, काका म्हणाला, चहा मागवला. त्याच्या वागण्यात काडीचाही फरक नव्हता आणि टपालरावांना त्याचीच जास्त भीती वाटली. त्यानं सगळं शांतपणे सांगितलं. रस्ता वरून मंजूर झाला आहे, मी एकटा काय करणार. रुग्णालय सगळ्यांसाठीच आहे. आणि मागच्या ओळीवर अन्याय होणार नाही, नियम आहे. पाच वर्षांपासूनचं मूळ बांधकाम असेल त्याला नदीपलीकडे एक खोली मिळेल. पाच वर्षांच्या आत कुणी भिंत वाढवली असेल तर मात्र ते अतिक्रमण, त्याला काही मिळणार नाही.

"आणि हे कुणी वाढवलं, कुणी नाही, हे पालिकेला कसं कळलं?" टपालरावांनी विचारलं.

वकिलानं चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. "काका, तुमची यादी नसती तर नुसत्या पाहणीलाच सहा महिने गेले असते. साहेब म्हणाले, इतकं चोख काम आम्ही कधी बघितलं नाही."

टपालरावांनी यादी परत मागितली. ती आता फाइलीत गेली, वकील म्हणाला. तू तर नंबर देतो म्हणून लिहून घेतली होतीस, असं ते म्हणाले, तर तो म्हणाला की तेव्हा माझ्या मनात तेच होतं, परिस्थिती बदलली. मग तो घड्याळाकडे न बघता उभा राहिला. त्यालाही माणसांना बाहेर काढायची रीत आता कुणीतरी शिकवली होती. केसानं गळा कापतात म्हणतात तो असा. रक्त दिसत नाही, आणि हातात चहाचा कप असतो.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती 'मी म्हणत होते' असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तिनं विचारलं, "ओळीत सांगितलंत?"

नव्हतं सांगितलं. उद्या सांगू, परवा सांगू, कदाचित काही मार्ग निघेल, असं करत त्यांनी नऊ दिवस काढले. ज्यानं कधी पत्र एक दिवस उशिरा दिलं नाही, त्यानं ही एक बातमी नऊ दिवस खिशात ठेवली. या नऊ दिवसांबद्दल ते आजही बोलत नाहीत.

दहाव्या दिवशी सकाळी दारावर पोस्टवाली आली. ही बदली होऊन आलेली मधल्या वयाची बाई. तिला वॉर्ड अजून नीट माहीत नव्हता. तिच्या पिशवीत एकेचाळीस रजिस्टर पाकिटं होती, प्रत्येकाला सहीची पोचपावती टाचलेली.

"काका, हे असले पत्ते मी जन्मात बघितले नाहीत," ती म्हणाली. "ऑफिसात म्हणाले, तुम्हाला विचार, नाहीतर शेरा मारून परत पाठव."

त्यांनी वरचं पाकीट हातात घेतलं. पालिकेचा शिक्का. खाली छापील अक्षरात नाव, आणि नावाखाली: काचकारखान्यामागे, जिन्याखालचं दार. दुसऱ्यावर: कुत्रा असलेलं दार, कुत्रा भुंकत नाही. तिसऱ्यावर निळं दार. ते लाल आकडे काही पत्त्याचे नंबर नव्हतेच, त्यामुळे पालिकेच्या कारकुनानं यादीतली त्यांचीच वाक्यं जशीच्या तशी उचलली होती. टपालराव आपल्याच अक्षरातली ओळख छापलेल्या अक्षरात वाचत होते.

पोस्टवाली वाट बघत उभी होती. 'सापडत नाही' असं एकदा म्हटलं असतं तर सगळी पाकिटं परत गेली असती. त्यांनी तसा विचार केला, नाही असं नाही. पण नोटिशीला पंधरा दिवसांत हरकत घ्यायची असते, एवढं त्यांना माहीत होतं. पाकीट परत गेलं तर भिंतीला कागद चिकटवून पालिका मोकळी होणार, आणि लोकांना कळेल तेव्हा घरं पाडायचं मशीन दारात उभं असेल. त्यांनी आत जाऊन बूट घातले. बायकोनं काही न विचारता त्यांना पेन दिलं, सह्यांसाठी.

फेरीच्या क्रमानं निळं दार पहिलं नव्हतं, पण ते आधी तिथं गेले. त्यांनी कडी वाजवली आणि सवयीनं दोन पावलं मागे आले, जरा बाजूला. आतलं मशीन थांबलं. शिवणताईनं दार उघडलं. त्यांच्यामागे पिशवीवाली पोस्टवाली बघून तिचा चेहरा फुलला. पत्र आता दारापर्यंत आलं होतं ना, नंबर मिळाल्यावर लगेच.

तिनं पोचपावतीवर सही केली, दाताखाली धरलेली टाचणी काढून त्याच टाचणीनं पाकीट उघडलं आणि उभ्यानं वाचायला लागली. टपालराव जमिनीकडे बघत होते. तिनं पान उलटलं. मग ती एका जागी थांबली आणि ती ओळ मोठ्यानं वाचली.

"मागची खोली चार वर्षांपूर्वी लेकीच्या अभ्यासासाठी वाढवलेली." तिनं मान वर केली. "कशासाठी वाढवली, हे यांना कुणी सांगितलं?"

पोस्टवाली दुसरीकडे बघायला लागली. ओळीत दोन दारं अर्धवट उघडली होती, लोक ऐकत होते.

"मी," टपालराव म्हणाले. "मीच लिहून दिलं. एकेचाळीस दारांचं. मला वाटलं, नंबर मिळावेत म्हणून हवंय."

ती रागावेल, रडेल, ओळ गोळा करेल, असं त्यांना वाटलं होतं. तिनं कागद घडी करून पाकिटात घातला, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून.

"मी लेकीला सांगायचे," ती म्हणाली, "माणूस कसा असावा, तर टपालरावांसारखा. इतकी वर्षं दारात येतो, पण कधी आत बघत नाही."

 वकिलानं मला फसवलं, असं ते म्हणू शकले असते, आणि ते खरं होतं. पण त्या उंबरठ्यावर ते वाक्य त्यांना स्वतःलाच खोटं वाटलं असतं. तिनं दार लावून घेतलं. आपटलं नाही. लाल सोळा त्यांच्या समोर आला, वाळलेला, दोनदा पुसलेल्या दारावर छान बसलेला.

पोस्टवाली म्हणाली की काका, बाकीची मी देते, तुम्ही नुसती दारं दाखवा. त्यांनी मान हलवली आणि पुढचं पाकीट स्वतःच घेतलं. ते दोन भावांचं होतं. त्यांनी कडी वाजवली, दोन पावलं मागे आले, जरा बाजूला उभे राहिले, म्हणजे फटीतून बघणाऱ्याला ते अख्खे दिसावेत. फटीत डोळा आला. डोळ्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मग तो बाजूला झाला आणि आतून दुसरी कडीही लागली.